मतांची परीक्षा : प्रस्तावना

विज्ञानाचे शोध सांगणे सोपे असते आणि ऐकणे रंजक असते. कारण शोध एकदा लागला की तो इतका उघड वाटू लागतो की, आधीच्या माणसांना एवढी साधी गोष्ट दिसली कशी नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि त्या प्रश्नासरशी स्वतःच्या शहाणपणाविषयीचा त्याचा संतोष थोडा वाढतो. परंतु जे मत आज शाळकरी मुलाला एका ओळीत सांगता येते ते एके काळी अनेक मतांपैकी एक होते, त्याच्या विरुद्ध बाजूलाही विद्वत्ता, अनुभव आणि अधिकार उभे होते, आणि तरीही ते कोणत्या कसोटीवर टिकले व त्याचे प्रतिस्पर्धी कोणत्या कसोटीवर पडले, हे सांगणे कठीण असते. प्रस्तुत पुस्तकाने ते कठीण काम अंगावर घेतले आहे. त्यात शोध आहेत, पण ते उदाहरणादाखल. खरा विषय आहे तो शोधांच्या मागे असलेली शहानिशेची रीत, म्हणजेच जिला आपण वैज्ञानिक पद्धती म्हणतो ती.

या पद्धतीचे क्रमिक पुस्तकांतील वर्णन सर्वांच्या परिचयाचे आहे. आधी निरीक्षण, मग तर्क, मग प्रयोग आणि शेवटी सिद्धान्त, अशा चार पायऱ्या तेथे सांगितलेल्या असतात. हे वर्णन खोटे नाही. पण संशोधन पुरे झाल्यानंतर त्याचा निबंध ज्या क्रमाने लिहितात तो हा क्रम होय, प्रत्यक्ष संशोधन ज्या क्रमाने घडते तो नव्हे. प्रत्यक्षात तर्क पुष्कळदा निरीक्षणाच्या आधीच मनात असतो आणि काय पाहायचे हेही तोच ठरवतो; प्रयोग फसतो आणि फसण्याचे कारण शोधताना मूळ प्रश्नच बदलतो; सिद्धान्त म्हणून जाहीर केलेली गोष्ट दहा वर्षांनी एखाद्या मोठ्या सिद्धान्ताचा अपवाद ठरते. तेव्हा पद्धतीचे मर्म पायऱ्यांत नाही. आपल्याला प्रिय असलेले मत हरू शकेल अशी परिस्थिती स्वतःच्या हाताने घडवून आणायची आणि तिचा निकाल मान्य करायचा, या शिस्तीत ते आहे. मत कितीही सुंदर असो, ते मांडणारा कितीही मोठा असो, ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल हे ज्याला सांगता येत नाही त्याने अद्याप काही सांगितलेलेच नाही, असे ही शिस्त मानते.

ज्ञानाच्या साधनांचा विचार आपल्याकडेही प्राचीन काळापासून झालेला आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. चरकसंहितेने आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीला युक्ती सांगितली. त्यांतही नैयायिकांनी उपाधीचा जो विचार केला तो आजच्या कोणत्याही प्रयोगकर्त्याने मनावर कोरून ठेवावा असा आहे. जेथे धूर आहे तेथे अग्नी आहे, हे खरे; पण जेथे अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर होण्यास ओले सरपण लागते, आणि ही लपलेली अट ज्याच्या दृष्टीआड राहिली त्याचे अनुमान, त्याने शंभर चुली पाहिल्या असल्या तरी, सदोषच राहते. मात्र ही सूक्ष्म चिकित्सा आपल्याकडे मुख्यतः वादसभेचे अंग बनली. लपलेली अट हुडकण्यासाठी मुद्दाम दोन चुली पेटवाव्यात, एकीत ओले व दुसरीत वाळलेले सरपण घालावे आणि बाकी सर्व सारखे ठेवावे, हा उद्योग तिने आपल्याकडे घेतला नाही.

तो उद्योग ठिकठिकाणी, तुकड्यातुकड्यांनी वाढत गेला. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या अरबी पंडिताने प्रकाशासंबंधीची पूर्वसूरींची मते अंधाऱ्या खोलीत, भोकातून येणाऱ्या किरणांच्या साहाय्याने तपासली. इ. स. १६२० मध्ये फ्रान्सिस बेकनने आपल्या ग्रंथात असा आग्रह धरला की, एखादा गुण जेथे आढळतो, जेथे आढळायला हवा पण आढळत नाही, आणि जेथे कमीजास्त प्रमाणात आढळतो, अशा तीन याद्या कराव्यात आणि मगच कारणाविषयी बोलावे. गॅलिलिओने उतरत्या पन्हळीवरून गोळे सोडून, पाण्याच्या घड्याळाने काळ मोजून, पतनाचा नियम संख्येत बांधला आणि १६३८ मध्ये प्रसिद्ध केला. इ. स. १६६० मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल सोसायटीने कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नये हेच आपले ब्रीदवाक्य केले आणि १६६५ पासून निघू लागलेल्या नियतकालिकामुळे एका गावच्या प्रयोगाची रुजुवात दुसऱ्या गावी करणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकात मिल्लने कारणशोधाच्या रीती तर्कशास्त्रात सूत्रबद्ध केल्या, तर क्लोद बेर्नारने १८६५ मध्ये त्या जिवंत शरीराच्या अभ्यासाला कशा लावाव्यात हे दाखवले. आणि १९३४ मध्ये कार्ल पॉपरने असे प्रतिपादन केले की, हजारो अनुकूल दाखल्यांनीही सिद्धान्त सिद्ध होत नाही, पण एका खऱ्या प्रतिकूल दाखल्याने तो पडू शकतो. म्हणून पडण्याची शक्यता पत्करणे हेच वैज्ञानिक विधानाचे लक्षण होय.

परंतु पद्धतीचा इतिहास केवळ तत्त्वज्ञांच्या नामावळीतून कळत नाही. एकच प्रश्न हाती घेऊन त्याचा निकाल कसकसा लागला हे पाहिल्याने ती अधिक कळते. म्हणून या प्रस्तावनेपुरता मी आपल्याच प्रांतात घडलेला एक दाखला निवडला आहे. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचा, म्हणजेच प्लेगचा, रोगी ओळखला आणि पुढील वीस-बावीस वर्षांत त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सिनला सापडला होता आणि तो मेलेल्या उंदरांतही असतो हेही त्याने पाहिले होते. रोग कशाचा हे कळले होते. पण तो जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कोणत्या वाटेने, हे कोणालाच कळले नव्हते. कोणी म्हणे, घाणेरड्या जमिनीतून अनवाणी पायांवाटे. कोणी म्हणे, उंदरांनी नासवलेल्या धान्यातून. कोणी म्हणे, रोग्याच्या स्पर्शाने व श्वासाने.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा राहिला नव्हता, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. स्पर्श आणि घाण यांवरचे अनुमान तपासून होण्यापूर्वीच त्याचे सरकारी हुकूम झाले. घरांची झडती, रोग्यांची इस्पितळात व नातलगांची छावण्यांत रवानगी, जमिनी उकरणे, कौले उतरवणे, सामानाची होळी, हे सारे १८९७ च्या साथरोग कायद्याच्या बळावर चालले. आणि पुण्यात त्या अंमलबजावणीतील जुलमाने लोकांचा संताप इतका वाढला की, त्याच वर्षीच्या २२ जूनच्या रात्री प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली. विशेष हे की, या उपायांतला एक उपाय खरोखरच गुणकारी होता. घर सोडून मोकळ्या रानात झोपड्या बांधून राहणाऱ्यांना रोग कमी होई, आणि उंदीर पडू लागले की गाव सोडावे हे कित्येक ठिकाणच्या लोकांना सरकारी हुकुमाआधीच ठाऊक होते. पण उपाय लागू पडला म्हणून त्यामागचे कारण खरे ठरत नाही. घर सोडल्याने माणसे घाणीपासून दूर जात, रोग्यांपासून दूर जात आणि उंदरांपासूनही दूर जात. यांपैकी कोणत्या दूर जाण्याने ती वाचली, हे सुटकेच्या हजार हकिकती गोळा करूनही कळण्यासारखे नव्हते. नैयायिकांची उपाधी ती हीच.

या अंधारात प्रथम ज्याने तुलनेची शिस्त आणली तो वॉल्डेमार हाफकिन. ओडेसा येथे जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला हा संशोधक १८९६ च्या अखेरीस मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने मृत जंतूंची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. या कृत्याचे धैर्य वाखाणण्याजोगे आहे. पण त्याने लस घेतलेला माणूस दगावत नाही एवढेच दिसले, रोग टळतो हे दिसले नाही. ते पाहण्याची संधी थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या तुरुंगात आली. तेथे रोग शिरला होता. कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वखुशीने टोचून घेतले. टोचून न घेतलेल्यांत बारा जणांना रोग होऊन सहा मेले. टोचून घेतलेल्यांत दोघांनाच झाला आणि मृत्यू एकही नाही. तरीही टीकाकाराला म्हणता येण्यासारखे होते की, स्वखुशीने पुढे येणारे कैदी मुळातच अधिक धट्टेकट्टे असतील.

हा आक्षेप लक्षात घेतला म्हणजे बडोदे संस्थानातील उंधेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत झालेल्या परीक्षेचे महत्त्व कळते. तेथे गावातील प्रत्येक कुटुंबाचे जमतील तितके सारखे दोन भाग करून एकास लस दिली व दुसऱ्यास दिली नाही. छप्पर एक, अन्न एक, उंदीर तेच. फरक केवळ लशीचा. पुढे ज्या कुटुंबांत रोग शिरला त्यांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ जणांना तो होऊन ३ मेली, तर न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना होऊन २६ मेली. या आकड्यांमागे जी युक्ती आहे तीच पुढे अधिक कसोशीने वापरली गेली. कोणास औषध द्यावे हे वैद्याच्या किंवा रोग्याच्या इच्छेवर न सोडता निव्वळ दैवावर सोडावे, हे फिशरने १९३५ मध्ये प्रयोगरचनेवरील ग्रंथात मांडले आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेत ते प्रत्यक्षात आले. संशोधकाच्या मनात लबाडी नसली तरी आवड असते. तिला निकालात हात घालता येऊ नये, एवढ्यासाठीच ही तजवीज.

लशीचा प्रश्न असा सुटत असताना जंतूच्या वाटेचा प्रश्न तसाच होता. तो पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच लष्करी वैद्याने हाती घेतला. मुंबईतील एका कारखान्यात सकाळी मेलेल्या उंदरांचा खच पडलेला दिसला. तो साफ करण्यास लावलेल्या वीस मजुरांपैकी दहा जणांना तीन दिवसांत रोग झाला आणि बाकीच्या कामगारांपैकी कोणासही झाला नाही, ही हकिकत त्याने टिपून ठेवली. उलट, मरून पुष्कळ वेळ झालेला उंदीर हाताळणाऱ्यांना काही होत नाही, असेही त्याला दिसले. काही थोड्या रोग्यांच्या अंगावर, रोगाच्या आरंभी, एक बारीक फोड असतो आणि त्याच्या पाण्यात जंतू असतात, हे तिसरे निरीक्षण. तिन्हींना एकत्र बांधील असे एकच कारण त्याला सुचले : पिसू. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याचे अंग सोडतात आणि जवळ येईल त्याच्या अंगावर उडी घेतात. म्हणून ताजा उंदीर घातक आणि जुना निरुपद्रवी. २ जून १८९८ रोजी कराचीतील एका हॉटेलात त्याने हे मत परीक्षेला बसवले. मोठ्या काचेच्या बरणीत पिसवा असलेला रोगी उंदीर ठेवला. पिसवा आणखी हव्यात म्हणून हॉटेलभोवती भटकणाऱ्या एका मांजराच्या उसन्या घेतल्या. आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर असा टांगला की, त्याला रोग्याचा स्पर्श होऊ नये पण पिसवांना मात्र उडी मारता यावी. काही दिवसांनी तो निरोगी उंदीर मेला आणि त्याच्या शरीरात जंतू मिळाले. पिसवा नसलेल्या रोगी उंदराच्या सहवासात ठेवलेले उंदीर मात्र वाचले.

येथे कथा संपली असती तर ती गोड झाली असती. पण ती संपली नाही, आणि म्हणूनच ती येथे सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या, एडिंबरोच्या प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनने सिमोंदचे मत विचारार्ह मानले नाही. हा कोत्या बुद्धीचा विजय असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु कमिशनच्या पुढे काय होते? एका परदेशी वैद्याच्या मोजक्या बरण्या, आणि दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत पुन्हा न मिळालेला निकाल. तो का मिळाला नाही याचे कारण नंतर कळले. पिसवांच्या जाती अनेक असतात आणि युरोपात ज्यांवर प्रयोग झाले त्यांतल्या काही जाती माणसाला सहसा चावतच नाहीत. म्हणजे मत खरे होते, आक्षेपही सर्वस्वी गैर नव्हता, आणि दोहोंच्या मध्ये एक लपलेली अट होती. कमिशनचा दोष त्याने शंका घेतली हा नाही; शंका घेतल्यानंतर तिची परीक्षा करण्याची तजवीज केली नाही, हा आहे. नाकारणे हाही एक निष्कर्षच असतो आणि त्यालाही पुरावा लागतो.

ती तजवीज होण्यास काही वर्षे लागली. मुंबईत ग्लेन लिस्टन याने प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या. त्या उंदरांच्या पिसवा निघाल्या, आणि उंदीर पडलेल्या चाळीत माणसांच्या अंगावरही त्याच जातीच्या पिसवा मिळाल्या. मग १९०५ मध्ये रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांच्या वतीने नव्या कमिशनचे काम परळच्या प्रयोगशाळेत सुरू झाले, जी पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. या कमिशनने सिमोंदचे मत मान्यही केले नाही आणि अमान्यही केले नाही; त्याने परळच्या आवारात लहान लहान खोल्या बांधल्या. रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, एकमेकांच्या मलमूत्राने खराब झालेले अन्न त्यांना खाऊ दिले. पिसवा नसतील तर रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या, तर पसरला. प्लेगच्या घरांत एक पिंजरा साध्या जाळीचा व दुसरा पिसू शिरणार नाही इतक्या बारीक जाळीचा ठेवला. एक जमिनीपासून जेमतेम वर टांगला आणि दुसरा पिसवेच्या उडीपलीकडे, दोन फूट उंच टांगला. पिसवा जेथे पोहोचू शकल्या तेथेच रोग झाला, आणि हवा तर दोन्ही पिंजऱ्यांत तीच होती. म्हणून हवेचे मत पडले. जमिनीला स्पर्श न होताही रोग झाला. म्हणून जमिनीचे मत पडले. प्रत्येक प्रतिस्पर्धी मताला जिंकण्याची पुरी संधी देऊन मग ते हरले, तेव्हा उरले ते पिसवेचे. १९०६ पासून हे अहवाल छापून प्रसिद्ध होऊ लागले आणि तंटा मिटला. पिसू जंतू टोचते कशी, हे तर १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवले. तिच्या अन्ननलिकेच्या मुखाशी जंतूंचा गोळा साचून वाट बंद होते, ती उपाशी राहते, पुन्हापुन्हा चावते आणि घेतलेले रक्त जंतूंसह परत जखमेत सोडते.

या हकिकतीतून निरीक्षणाच्या मर्यादाही स्पष्ट होतात. आगऱ्याच्या साथीत तडफडणारा उंदीर, त्याला धरणारे मांजर आणि मागोमाग आजारी पडलेली दासी यांची हकिकत जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात नोंदलेली आहे. म्हणजे सिमोंदच्या पावणेतीनशे वर्षे आधी उंदीर व रोग यांचा संबंध दप्तरी दाखल झाला होता. नजर होती, नोंद होती. नव्हती ती परीक्षा. आणि सिमोंदजवळ परीक्षा होती, पण ती वारंवार, अनेक हातांनी, मोठ्या प्रमाणावर करण्याचे साधन नव्हते. १८९८ च्या बरणीपासून परळच्या खोल्यांपर्यंत जी वर्षे गेली ती कोणाला बुद्धी नव्हती म्हणून गेली नाहीत. जागा, नोकरवर्ग, जनावरे, पैसा आणि निकाल काहीही लागला तरी तो छापण्याची मुभा, ही सामग्री एका ठिकाणी जमली नव्हती म्हणून गेली.

पद्धतीचा विसर पडला तर तो पद्धतीच्या भक्तांनाही भोवतो, हे सांगणारी एक बाजूही येथे नोंदली पाहिजे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली आणि दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर येऊन त्याला पदावरून दूर व्हावे लागले. पुराव्याचे तुकडे आरंभापासून समोर होते. त्या दिवशी वापरलेल्या पाच कुप्यांपैकी एकाच कुपीतल्या लशीने ही माणसे मेली होती, आणि ती कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याची जबानी होती. तरी हा दोष निघून जाण्यास १९०७ साल उजाडले; रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना त्यासाठी वर्तमानपत्रातून जाहीरपणे भांडावे लागले. चौकशीचे नाव घेतल्याने चौकशी होत नाही. आरोपाच्या विरुद्ध जाणारा दाखला शोधण्याची इच्छा चौकशी करणाऱ्यात नसेल, तर तिचा निकाल आधीच लिहिलेला असतो.

वैज्ञानिक पद्धती सर्व प्रश्नांची उत्तरे देते, असा दावा हे पुस्तक करीत नाही. पिसवेमुळे रोग होतो हे ती सांगू शकली. पण त्यासाठी कोणाचे घर किती दिवस रिकामे करावे, आणि करताना त्या घरच्या माणसांची अब्रू कशी राखावी, हे तिने सांगायचे नव्हतेच. ते ठरवणे राज्यकर्त्यांचे व समाजाचे काम होते आणि ते त्यांनी वाईट केले. तिचे कार्य याहून मर्यादित, पण त्या मर्यादेत अनन्य आहे : कशामुळे काय होते याविषयी भांडणाऱ्यांपैकी कोण चुकतो आहे, हे आवाज किंवा अधिकार न पाहता ठरवणे.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने प्रत्येक सिद्धान्तापाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे : हे खोटे असते तर काय दिसले असते, ते पाहण्याचा प्रयत्न कोणी केला, आणि दुसऱ्या कोणी तोच प्रयत्न पुन्हा करून पाहिला काय? तेच प्रश्न त्याने औषधाच्या जाहिरातीला, सरकारी अहवालाला आणि या पुस्तकालाही विचारावेत. मात्र असे प्रश्न विचारण्याची सवय व्यक्तीला लागणे पुरेसे नाही. त्यांची उत्तरे मिळवण्यासाठी परळसारख्या खोल्या बांधाव्या लागतात, वर्षानुवर्षे माणसे पोसावी लागतात, आणि नऊ मते पडली व दहावे टिकले असा हिशेब आला तर त्या नऊ मतांवरचा खर्च वाया गेला असे न म्हणण्याची समज ठेवावी लागते. ज्या समाजाला केवळ टिकलेल्या दहाव्या मताचीच किंमत मोजायची असेल, त्याला ते दुसऱ्यांकडून उसने घ्यावे लागेल आणि ते खरे की खोटे हेही दुसऱ्यांनाच विचारावे लागेल.